पाळी गेल्यानंतर योनीमुखाशी आलेली गाठ : तुकडा तपासल्याशिवाय ‘साधी’ म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रजोनिवृत्तीबद्दल वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत हल्ली बरेच छापून येते. ठिसूळ हाडे, अंगातून येणाऱ्या गरम वाफा, उडालेली झोप, चिडचिड यांवर रकाने भरतात. योनीमुखाशी येणाऱ्या गाठीबद्दल मात्र क्वचितच एखादी ओळ दिसते. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षे झालेल्या बाईला अंघोळीच्या वेळी एका बाजूला गोटीसारखे काहीतरी हाताला लागते. दुखत नाही, म्हणून ती कोणाला सांगत नाही, अंगावर काढते. बसताना खुपू लागले की मग दवाखाना गाठला जातो. तिथे दोनपैकी एक चूक होऊ शकते. ‘साधा फोड आहे’ म्हणून चिरा देतात, आतले पाणी काढतात आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिकवर घरी पाठवतात. नाहीतर नुसते वय पाहून सगळी ग्रंथीच काढून टाकायला सांगतात. या वयातल्या बहुतेक गाठी खरोखरच साध्या निघतात. पण ती साधी आहे हे बोटांनी चाचपून ठरत नाही, गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरते. हे एवढे सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

योनीच्या तोंडाशी, खालच्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन बार्थोलिन ग्रंथी असतात. डेन्मार्कचे शरीररचनाशास्त्रज्ञ धाकटे कास्पर बार्थोलिन यांनी १६७७ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून हे नाव. उताण्या झोपलेल्या स्त्रीकडे पायांच्या बाजूने पाहिले आणि योनीमुख म्हणजे घड्याळाची तबकडी मानली, तर मूत्रद्वार १२ च्या बाजूला येते आणि या ग्रंथी साधारण ४ आणि ८ वर. एकेक ग्रंथी वाटाण्याएवढी, सुमारे अर्ध्या सेंटिमीटरची. तिची नळी दोन ते अडीच सेंटिमीटर लांब असते आणि आतल्या ओठाच्या (भगोष्ठाच्या) आतल्या अंगाला उघडते. नळीतून येणारा पारदर्शक, चिकट स्राव योनीमुख ओलसर ठेवतो. निरोगी ग्रंथी हाताला लागत नाही. लागली, म्हणजे काहीतरी बदलले आहे असे धरायचे.

नळीचे तोंड सुजेमुळे, जुन्या जखमेच्या वणामुळे किंवा घट्ट झालेल्या स्रावामुळे बंद होते. मागे स्राव साचत राहतो आणि नळी फुग्यासारखी फुगते. ही झाली सिस्ट. त्यात जंतू शिरले की गळू होते. आयुष्यात कधीतरी हा त्रास होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे दोन टक्के आहे, आणि त्यांतल्या बहुतेक जणी विशी-तिशीतल्या. तिशीनंतर ग्रंथी हळूहळू आक्रसत जाते, पाळी गेल्यावर तर तिचे काम जवळपास थांबते. सगळा मुद्दा इथेच आहे. जी ग्रंथी आक्रसायला हवी ती साठाव्या वर्षी मोठी का झाली, हा प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या विचारावाच लागतो. पंचविशीतल्या मुलीची न दुखणारी लहान सिस्ट नुसती लक्ष ठेवून सोडून देता येते. चाळिशीनंतर पहिल्यांदाच आलेल्या गाठीचा तुकडा तपासावा, हा नियम यासाठीच आहे.

आता घाबरण्याजोगे किती आहे तेही सांगायला हवे. बार्थोलिन ग्रंथीचा कर्करोग अतिशय दुर्मीळ आहे. स्त्री-जननेंद्रियांच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दर एक लाख स्त्री-वर्षांमागे ०.११४ असल्याचा अंदाज १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. म्हणजे पाळी गेलेल्या सुमारे पावणेनऊ लाख स्त्रियांमध्ये वर्षाला एखादी. त्याच अभ्यासाचा निष्कर्ष असा होता, की या वयातल्या प्रत्येक स्त्रीची ग्रंथी सरसकट काढून टाकण्याची गरज नाही. निचरा करावा आणि निवडक ठिकाणी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करावी. ‘वय झाले आहे, काढूनच टाकू’ हा सल्ला म्हणून पटण्याजोगा नाही. ही शस्त्रक्रिया दिसते तेवढी किरकोळ नाही, त्याकडे पुढे येतो.

कर्करोग नसलेली, पाणी भरलेली नसलेली, तरीही घट्ट अशी ग्रंथीची वाढ या वयात सापडते. तिला नोड्युलर हायपरप्लेझिया म्हणतात. १९९८ साली कोनिग आणि तवासोली या पॅथॉलॉजिस्टांनी (तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरांनी) ग्रंथीच्या अशा घट्ट पण निरुपद्रवी वाढींची नीट वर्गवारी केली. निरोगी ग्रंथीच्या तुकड्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर द्राक्षाच्या घडासारखी रचना दिसते: मधोमध नळी, तिला लागून स्राव बनवणाऱ्या पेशींचे गोलसर पुंजके. हायपरप्लेझियात पुंजक्यांची संख्या वाढते, घड दाट होतो, पण प्रत्येक पुंजका आपल्या नळीशी जोडलेलाच राहतो. अडेनोमा या दुसऱ्या साध्या गाठीत हे नाते विस्कटते. पुंजके आणि नळ्या दाटीवाटीने, क्रम सोडून बसतात, मात्र पेशी शांतच असतात आणि कडा स्वच्छ असते. कर्करोगात पेशी कडा ओलांडून शेजारच्या मांसात शिरतात. बाहेरून हाताला तिन्ही सारख्याच लागू शकतात: दोन-तीन सेंटिमीटरची, घट्ट, न दुखणारी गाठ. नळी तुंबणे आणि जुनी सूज यांचा हायपरप्लेझियाशी संबंध असावा असे मानले जाते. गाठ पूर्ण काढली की बहुधा प्रश्न मिटतो.

योनीमुखाशी आलेली प्रत्येक गाठ बार्थोलिनचीच असते असे मात्र नाही, आणि चुकीच्या गाठीला चिरा दिला तर अनर्थ होतो. पहिला गोंधळ ‘अंग बाहेर येण्याशी’ होतो. अंग बाहेर येते तेव्हा फुगवटा मधोमध असतो, खोकल्यावर वाढतो, आडवे झाल्यावर आत जातो. बार्थोलिनची गाठ एका बाजूला, खालच्या अंगाला असते आणि झोपले तरी तिथेच राहते. दुसरा गोंधळ हर्नियाशी. जांघेतून उतरून मोठ्या ओठाच्या वरच्या भागात येणारा, खोकल्यासरशी धक्का देणारा, दाबल्यावर आत सरकणारा फुगवटा हर्निया असू शकतो. त्यात आतडे असू शकते. त्याला सुई लावायची नाही, चिरा तर नाहीच. तिसरा, मूत्रद्वाराशी येणाऱ्या गाठींशी. तिथे स्कीनच्या ग्रंथी असतात. त्या तुंबल्या तर लघवीची धार वाकडी जाते किंवा लघवी झाल्यावर थेंब गळत राहतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत मूत्रद्वाराच्या काठावर लालभडक, हात लावताच झोंबणारा मण्यासारखा उंचवटाही वारंवार दिसतो. ती कॅरंकल. तिचा कर्करोगाशी संबंध नसतो, पण रक्त लागत असेल तर तीही दाखवावी.

आतल्या ओठांवर रव्याच्या दाण्यांसारखे पिवळसर ठिपके दिसतात, त्या तेलग्रंथी आहेत. त्या आजार नव्हेत आणि त्यांना औषध लावायचे नसते. मोठ्या ओठांवरच्या कातडीतल्या घट्ट, पिवळट-पांढऱ्या गाठी बहुधा एपिडर्मॉइड सिस्ट असतात. दोन्ही ओठांमधल्या खाचेत, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, कधी वरून रक्ताळलेली अशी गाठ हिड्राडेनोमा असू शकते. ती दिसायला भीतीदायक पण साधी असते, आणि काढली की झाले. तिचेही निदान काचेवरच होते.

तपासणी कशी होते हे आधी माहीत असले की भीती निम्मी होते. डॉक्टर हातमोजे घालून तर्जनी योनीमुखाच्या आत आणि अंगठा बाहेर ठेवतात, गाठ दोन्ही बोटांच्या चिमटीत घेतात. पाण्याच्या फुग्यासारखी दबते की रबरासारखी घट्ट आहे, कातडीखाली सरकते की चिकटली आहे, एकाच भागात टणक खडा लागतो का, हे पाहतात. मग गुदद्वारातून बोटाने तपासून गाठ मागे किती खोल गेली आहे याचा अंदाज घेतात. जांघेत अवधाण (सुजलेली गाठ) आले आहे का तेही चाचपतात. हे सगळे दोन मिनिटांचे काम आहे. सोनोग्राफीत द्रव की घन हे कळते, खोलवर गेलेल्या गाठीसाठी एमआरआय उपयोगी पडतो. पण दोन्हींपैकी कोणतीही तपासणी बायोप्सीची जागा घेत नाही. सुईने काढलेले पाणी तपासून ‘कर्करोग पेशी नाहीत’ असा अहवाल आला तरी तो पुरेसा नाही. पिशवीच्या भिंतीत एका कोपऱ्यात घट्ट भाग असेल तर त्याच्या पेशी पाण्यात उतरतीलच असे नाही.

नुसता चिरा देऊन निचरा केला की दोन-चार दिवसांत चिऱ्याच्या कडा चिकटतात, पिशवी पुन्हा भरते. सुईने पाणी ओढून घेतल्यावरही हेच. म्हणून निचऱ्याचे तोंड काही आठवडे उघडे ठेवावे लागते. त्यासाठी अमेरिकन डॉक्टर बुफर्ड वर्ड यांनी १९६० च्या दशकात एक लहान रबरी नळी पुढे आणली. जागा बधिर करून, बाहेरच्या कातडीवर नव्हे तर आतल्या ओलसर त्वचेवर, जिथे मूळ नळी उघडते त्याच्या जवळ, सुमारे पाच मिलिमीटरचा चिरा देतात. त्यातून नळी आत घालून तिच्या टोकाचा फुगा दोन ते तीन मिलिलिटर सलाइनने फुगवतात. हवेने फुगवला तर हवा झिरपते आणि नळी गळून पडते. चिरा गरजेपेक्षा मोठा झाला तरीही ती पडते; ही नेहमी होणारी चूक. फुगा जास्त फुगवला तर सतत ठणका लागतो. तेव्हा थोडे सलाइन काढून घेतले की बरे वाटते. नळी चार ते सहा आठवडे ठेवायची असते, कारण चिऱ्याच्या आत त्वचेचे अस्तर तयार होऊन कायमची वाट व्हायला तेवढा वेळ लागतो. आठ दिवसांत काढून टाकली तर सगळे कष्ट वाया. रबराची ॲलर्जी असेल तर आधी सांगावे.

मार्सुपियलायझेशन या दुसऱ्या पद्धतीत दीड ते तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन पिशवी उघडतात आणि तिच्या कडा बाहेर वळवून विरघळणाऱ्या टाक्यांनी त्वचेला शिवतात. उतारवयातल्या स्त्रीसाठी याचा एक मोठा फायदा आहे. पिशवी उघडी झाल्यावर आत बोट फिरवून घट्ट जागा शोधता येते, भिंत डोळ्यांनी पाहता येते आणि तुकडा नेमका संशयाच्या जागेवरून घेता येतो. चाळिशीनंतर सिस्टसाठी छेद घेतला आणि भिंतीचा तुकडा पाठवला नाही, तर अर्धेच काम झाले. पाण्याबरोबर तो तुकडा कचऱ्यात जाताना पाहणे क्लेशदायक असते, कारण पुन्हा त्यासाठी त्याच बाईला त्याच टेबलावर यावे लागते.

तुकडा पाठवण्याची रीतही नीट पाळायला हवी. तो चिमट्याने चेचला तर पेशी चिरडतात आणि काच वाचता येत नाही. कोरड्या गॉजमध्ये गुंडाळला तर सुकतो, साध्या सलाइनमध्ये तासन् तास ठेवला तर कुजू लागतो. दहा टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या आकाराच्या सुमारे दहापट, रुंद तोंडाच्या बरणीत. नावाची चिठ्ठी बरणीच्या अंगावर चिकटवायची, झाकणावर नाही, झाकणे बदलतात. सोबतच्या कागदावर वय, पाळी जाऊन किती वर्षे झाली, कोणती बाजू, गाठ द्रवाची की घट्ट, आधी किती वेळा निचरा झाला, एवढे लिहिलेले असावे. ‘व्हल्वल टिश्यू’ एवढेच दोन शब्द लिहून आलेल्या तुकड्यावर पॅथॉलॉजिस्ट ठामपणे बोलू शकत नाही.

गाठ घट्ट असेल, वाढत असेल, पुन्हा पुन्हा होत असेल किंवा बायोप्सीत शंका आली असेल, तर ग्रंथी पूर्ण काढणे योग्य. मात्र ग्रंथीच्या खाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. रक्तस्राव हा या शस्त्रक्रियेतला मुख्य धोका. नंतर रक्त साचून निळी सूज येणे, जागा आवळणे, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे हेही होते. मागे गुदाशय जवळ असतो, त्याला इजा होणार नाही हे जपावे लागते. म्हणून ती दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत नव्हे, शस्त्रक्रियागृहात, पूर्ण भुलेखाली आणि सूज उतरलेली असताना करतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शस्त्रक्रियेआधी सांगायलाच हवे. ती मनाने बंदही करायची नाही. पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, जखम भरायला वेळ लागतो. काहींना डॉक्टर इस्ट्रोजेनचे मलम लावायला सांगतात.

गळू झाले असेल तर चित्र वेगळे: दोन-तीन दिवसांत वाढलेली सूज, लालसरपणा, ठणका, चालणे-बसणे मुश्कील, कधी ताप. अशा पुवात सर्वांत जास्त वेळा ई. कोलाय हा आतड्यातला जंतू सापडतो. हे ठळकपणे छापावे असे आम्हाला कळकळीने वाटते, कारण योनीमुखाशी गळू म्हणजे ‘बाहेरचा’ आजार असा समज करून घेऊन घरात बाईकडे किंवा तिच्या नवऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. गनोरिया, क्लॅमिडिया यांमुळेही गळू होऊ शकते, म्हणून पू कल्चरला, म्हणजे कोणता जंतू आहे ते तपासायला, पाठवायचा. पण तपासणीआधी कोणावरही आळ घ्यायचा नाही. पू साचला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो, नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. या वयात रक्तातली साखर त्याच दिवशी तपासावी. मधुमेही स्त्रीची सूज तासातासाला पसरत असेल, दिसते त्यापेक्षा वेदना फार जास्त असतील, कातडी काळी-निळी पडत असेल, तर सकाळपर्यंत थांबू नये. रुग्णालयच गाठावे.

घरी करण्यासारखे थोडेच आहे. कोमट पाण्याच्या टबात १० ते १५ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा बसावे. पाणी कोपराला सोसेल एवढेच गरम असावे. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेली असेल तर भाजल्याचे कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्याने तपासावे. पाण्यात अँटिसेप्टिक टाकू नये, पातळ झालेली त्वचा त्याने सोलवटते. नंतर टिपून कोरडे करावे. गाठ पिळायची नाही, सुईने फोडायची नाही: पू आतल्या आत पसरतो. घरात उरलेले कुठलेही मलम लावू नये, विशेषतः स्टेरॉइडचे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला स्वतःची गाठ सांगता येत नाही; ती एका कुशीवर सरकून बसते, पुसताना पाय आवळते. तिची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीने आठवड्यातून एकदा चांगल्या उजेडात दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. बाकीच्यांनी महिन्यातून एकदा आरसा घेऊन तेच करावे.

काही लक्षणे असतील तर आठवडाही घालवू नये. दगडासारखी टणक, न सरकणारी गाठ, वरची कातडी फुटून झालेली जखम, रक्त, जांघेत अवधाण, चाळिशीनंतर त्याच जागी दुसऱ्यांदा झालेले गळू. आणखी एक, सहज निसटणारे लक्षण आहे. या ग्रंथीचा ॲडेनॉइड सिस्टिक प्रकारचा कर्करोग नसांच्या कडेने पसरतो, त्यामुळे गाठ लहान असूनही त्या जागी जळजळ, खाज किंवा ठणका महिनोन् महिने राहतो. गाठीच्या मानाने दुखणे जास्त, असे दिसले की बुरशीचे मलम बदलत बसू नये.

आरोग्याच्या रकान्यात ‘नाजूक जागेचे दुखणे’ असे न छापता योनीमुख, भगोष्ठ, बार्थोलिन ग्रंथी हे शब्द छापावेत, ही आपल्याला विनंती. ज्या जागेला नाव नाही तिथली गाठ डॉक्टरला सांगताना बाई ‘खाली त्रास होतो’ एवढेच म्हणते, आणि लघवीच्या जळजळीची गोळी घेऊन परत जाते. तिने ‘योनीमुखाच्या डाव्या बाजूला गाठ आहे, दोन महिन्यांपासून, पाळी जाऊन बारा वर्षे झाली’ असे सांगितले, तर समोरच्याला तपासावेच लागते.

उपचार झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारावा: तुकडा पाठवला का, आणि अहवाल कधी मिळेल? अहवालाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. त्यात नोड्युलर हायपरप्लेझिया, साधी सिस्ट किंवा जुनी सूज असे आले असेल तर जखम भरल्यावर एकदा आणि साधारण तीन महिन्यांनी एकदा दाखवावे. तोवर जागा मऊ आणि सपाट झालेली असायला हवी. घट्टपणा राहिला असेल, तर जुन्या अहवालावर विसंबू नये. तो अहवाल फक्त त्या तुकड्यापुरता असतो, उरलेल्या गाठीबद्दल तो काहीच सांगत नाही. तुकडा पुन्हा घ्यावा लागतो.

आपल्या,
स्त्रीरोग आणि पॅथॉलॉजी या विषयांत काम करणाऱ्या दोन डॉक्टर